गॅस टेस्टरची सुट्टी

पहाटे पाचला टूल स्टोअरच्या खिडकीशी पहिला उभा असतो तो दत्ताराम. मी स्टोअरकीपर. त्याला रोज गॅस मीटर देणं हे माझं काम. देण्याआधी मी तो तपासतो आणि वहीत सही करतो. दत्ताराम आधी ती सही वाचतो, मग मीटर उलटासुलटा करून बघतो आणि नमुन्याच्या नळकांड्यातला गॅस त्याच्यावर सोडून पहिल्यापासून पुन्हा सगळं तपासतो. चौदा वर्षांत माझा एकही मीटर खोटा निघालेला नाही. हे मी त्याला एकदा ऐकवलं. तर म्हणाला, म्हणूनच तुझ्याकडे जास्त बघायला लागतं, कधीच न चुकणारा माणूस डोळे मिटून काम करतो. अशा माणसाशी बोलण्यात काही अर्थ नसतो. पण मी चौदा वर्षं त्याच्याशीच बोलतोय, कारण आमची खोली एक आहे.

सौदीतल्या रास तनुराच्या रिफायनरीत आमच्या कंत्राटदार कंपनीची माणसं टाक्या दुरुस्त करायला आत उतरतात. आत विषारी वायू साचलेला असू शकतो. म्हणून सगळ्यांच्या आधी गॅस टेस्टर जातो. भोकातून नळी आत सोडतो, वर बघतो, मध्ये बघतो, तळाशी बघतो, आणि मनासारखं दिसलं तरच हिरव्या कार्डावर सही करतो. तोवर कुणाचाही पाय आत पडत नाही. मग तो वेल्डर असो की साहेब. घाईत असलेला एखादा इंजिनिअर यल्ला यल्ला करायला लागला की दत्ताराम नळी बाहेर काढतो, पुसतो आणि परत वरपासून सुरुवात करतो.

नव्या माणसांना तो त्याच्या गुहागरी हिंदीत एकच भाषण देतो, आणि ते मला पाठ झालंय. हा गॅस थोडा असला की कुजक्या अंड्यासारखा वास येतो. जास्त झाला की वासच येत नाही, कारण नाक मरतं. वास थांबला म्हणून खुश होणारा माणूस पहिला जातो. नवी पोरं या भाषणाने इतकी घाबरतात की आठवडाभर मेसमधलं उकडलेलं अंडंसुद्धा खात नाहीत.

कामावर हा संशय ठीक. पण दत्ताराम ड्यूटी संपल्यावर तो उतरवून ठेवत नाही. कतीफच्या मासळी बाजारात तो सुरमईचे कल्ले उघडून बघतो, डोळे दाबून बघतो, पोटाला नाक लावतो, आणि शेवटी मासेवाल्यालाच विचारतो, की तू स्वतः आज हाच मासा खाणार आहेस का. एकदा तर मासेवाल्याने "खलास" म्हणून मासा हातातून काढून घेतला होता. माझ्या घरून, श्रीवर्धनहून, सुके बोंबील आले की सगळी खोली तुटून पडते, आणि हा एक बोंबील दिव्यासमोर धरून बसतो. कॅम्पातली पोरं त्याला डिटेक्टर काका म्हणतात. हे नाव पंकजने ठेवलं. पंकज आमचा परांची बांधणाऱ्यांचा फोरमन, देवरुखचा, आणि जिभेला हाड नसलेला.

आता खरं सांगायचं तर पूर्वी तो इतका नव्हता. तीन वर्षांपूर्वी त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, गेल्या, त्यानंतर हे वाढलं. तेव्हा आमच्याकडे शटडाउन चालू होतं, म्हणजे आख्खी युनिटं बंद करून दुरुस्तीचं काम, दोन महिने कुणाला रजा नाही. तिकडे वहिनींची फुप्फुसं निकामी होत चालली होती आणि फोनवर मात्र दर वेळी "मी बरी आहे" एवढंच येत होतं. हा पोचला तेव्हा अग्नी देऊन झाला होता. परत आला तो अर्धा होऊन. तेव्हापासून कुणी फोनवर बरं आहे म्हणालं की हा म्हणतो, व्हिडिओ लाव. भावाला म्हणतो, मेव्हण्याला म्हणतो, एकदा बँकेच्या माणसालासुद्धा म्हणाला. घरच्यांनी आपल्यापासून लपवलं हे शल्य त्याला आहे असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. त्यानेही कधी नाही म्हटलं नाही.

एका माणसाकडे मात्र तो व्हिडिओ मागत नसे, ती म्हणजे त्याची मुलगी. दर्शना नर्स आहे. आईच्या आजारपणात रजा काढून तीच घरी होती. आई गेल्यावर सहा महिन्यांनी ती इंग्लंडला गेली, लीड्समधल्या एका हॉस्पिटलात. दर शुक्रवारी तिचा फोन येतो. जेवलात का, जेवलो, थंडी आहे का, आहे, आणि पाच मिनिटांत संपतो. जगावर संशय घेणारा माणूस पोटच्या मुलीवर एवढा विश्वास कसा ठेवतो याचं मला नवल वाटायचं. तो विश्वास नव्हता हे मला फार उशिरा कळलं.

तर यंदा मार्चमध्ये दर्शनाने त्याला एक कागद पाठवला. या वर्षी रजेत गावी जाऊ नका, इकडे या, मी आठ दिवसांची सुट्टी काढलीय, यॉर्कशायरच्या खेड्यात एक घर भाड्याने घेतलंय, आणि काय काय बघायचं, काय काय करायचं ते सगळं वारवार लिहून दिलंय. दत्तारामने साईट ऑफिसातून त्याची प्रत काढली, क्लिपबोर्डला लावली आणि तो माझ्या खिडकीशी आला. चेहरा असा, की टाकीत काहीतरी सापडलंय.

"खुर्शीद," तो म्हणाला, "ही पोर मला शेतात फिरवायला इंग्लंडला बोलावतेय. माणूस शेत सोडायला सौदीला येतो. हिच्या मनात काय हाय?"

मी कागद वाचला. शनिवारी, शेतांमधून जाणाऱ्या पायवाटेने चार मैल चालणे, मेंढ्या आणि कोकरं बघणे. रविवारी बाराव्या शतकातलं चर्च, नंतर एका शेतकऱ्याच्या घरी चहा, त्याबरोबर साय आणि जाम लावलेले बन. सोमवारी वाफेच्या इंजिनाची गाडी, एका खेड्यातून दुसऱ्या खेड्यात आणि परत. मंगळवारी धबधबा. बुधवारी गावची जत्रा, तिथे मेंढ्यांची स्पर्धा. शुक्रवारी चीज करतात ती जागा. शनिवारी परत लीड्स.

गुरुवार कोरा होता. गुरुवार एवढंच लिहिलेलं आणि पुढे काहीच नाही.

आमच्याकडे कुठलंही काम सुरू करायच्या आधी एक फॉर्म भरतात. पहिल्या रकान्यात काय करणार, दुसऱ्यात त्यात धोका काय, तिसऱ्यात उपाय काय. दत्तारामने मुलीच्या सुट्टीचा तो फॉर्म भरला. थट्टा नाही, मी स्वतः पाहिला. शेतातून चालणे, धोका: मालक, कुत्रा. चर्च, धोका: कुणाचं लग्न ठरलंय का. शेतकऱ्याच्या घरी चहा, धोका: हा शेतकरी कोण, त्याला मुलगा आहे का. वाफेची गाडी, धोका: परत त्याच जागी आणून सोडणार, मग गेलो कशाला. धबधबा, धोका: आपल्याकडे पावसाळ्यात घरामागे असतो. गुरुवारच्या पुढे धोक्याच्या रकान्यात त्याने काहीच लिहिलं नव्हतं, फक्त पेन टेकवून टेकवून तिथे एक काळा ठिपका झाला होता.

पंकजला हे कळल्यावर कॅम्पला महिनाभर विषय मिळाला. त्याचं म्हणणं, सरळ आहे काका, गोरा जावई आहे, गुरुवारी दाखवणार. मेसच्या आचाऱ्याला वाटलं, मुलगी नोकरी सोडून तिथे शेती घेणार. दत्ताराम सगळ्यांचं ऐकून घेई आणि मान हलवून नाही म्हणे. लग्न असतं तर ती शनिवारी सांगून मोकळी झाली असती, असं त्याचं मत. आधीचे पाच दिवस चालवून, चहा पाजून, गाडीत फिरवून माणसाला मऊ करायचं आणि मग गुरुवार, हा काही लग्नाचा बेत नाही. हे मोठं काहीतरी आहे. आणि मग तो गप्प बसायचा. तो गप्प बसला की मला त्याचा राग येत नसे, काळजी वाटे.

त्याच सुमारास मला दर्शनाचा मेसेज आला. माझा नंबर तिच्याकडे आईच्या वेळेपासून होता. तिने लिहिलं होतं: "काका, बाबांना काहीही करून पाठवा. मला त्यांना एक गोष्ट विचारायची आहे, ती फोनवर विचारता येत नाही. या वेळी नाही आले तर मी पुन्हा बोलावणार नाही. हे त्यांना सांगू नका."

मी तो मेसेज दोनदा वाचला आणि फोन खिशात टाकला. समोरच्या खाटेवरून दत्तारामने विचारलं, कुणाचा मेसेज. मी म्हटलं, घरचा. तो म्हणाला, घरचा मेसेज वाचून तू हसतोस, आज हसला नाहीस. असल्या माणसाबरोबर राहणं म्हणजे रोज पोलीस ठाण्यात राहण्यासारखं आहे. मी कूस बदलली आणि झोपेचं सोंग केलं. आता लपवणाऱ्यांत मीही होतो, आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

मे महिन्यापर्यंत त्याने चार वेळा जायचं ठरवलं आणि चार वेळा रद्द केलं. व्हिसाचे कागद गोळा झाले होते, अल खोबरला जाऊन बोटांचे ठसे देऊन झाले होते, इकाम्याची, म्हणजे इथे राहण्याच्या परवान्याची, मुदत होती, बाहेर जाऊन परत यायची एक्झिट री-एंट्री मिळण्यासारखी होती. मग एक दिवस म्हणाला, नाही जात, गावीच जातो, घराची कौलं बघायची आहेत. मला पोरीचे शब्द आठवले, पुन्हा बोलावणार नाही. समजावून हा ऐकणार नाही हे मला माहीत होतं. मी वेगळा रस्ता धरला. म्हटलं, बरोबर आहे तुझं, नकोच जाऊस, ती काहीतरी लपवतेय हे नक्की आहे. पण मग ते काय आहे हे तुला कधीच कळणार नाही. इथे खाटेवर बसून टाकी तपासता येत असती तर कंपनीने तुला नळी कशाला दिली असती?

मला काहीतरी माहीत आहे हे त्याने तिथल्या तिथे ओळखलं असणार. पण विचारलं नाही. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मी त्याला दम्मामच्या विमानतळावर सोडलं. बॅगेत दर्शनासाठी खजूर, कोकम, आणि तो क्लिपबोर्ड.

आठ दिवस त्याचे फोटो येत राहिले. फोटोत तो कुठेच नसे. फाटकाची कडी, कुंपणाची तार, इंजिनावरची पितळी पट्टी, पुलाखालचे दगड. तपासणीला गेलेल्या माणसाचे फोटो असतात तसे. गुरुवारी एकही फोटो आला नाही. शुक्रवारी चीजचा आला.

परत आल्यावर आमच्या खोलीत दोन दिवस त्याची सभा भरली. पहिल्यांदा गडग्यांचं कौतुक. तिकडे शेताशेताला आपल्यासारखेच गडगे आहेत, नुसते दगडावर दगड, चुना नाही की सिमेंट नाही, आणि दोनशे वर्षं उभे आहेत. आपल्याकडे जांभा असतो, तिकडे करडा दगड. त्याने तीन ठिकाणी ढकलून बघितले. एक हलला. तो त्याने पुन्हा नीट बसवून दिला, आणि दर्शना तोवर लांब जाऊन उभी राहिली.

मग पायवाटेची गोष्ट. ती वाट शेताच्या मधून जाते, आणि तिथल्या कायद्याने कुणीही तिच्यावरून चालावं. दर्शनाने पाटी दाखवली. दत्ताराम म्हणाला, पाटी कुणीही लावील. त्याचंही एका परीने बरोबर होतं, कारण गुहागरला चुलतभावाबरोबर वहिवाटीच्या वाटेवरून त्यांचा अकरा वर्षं दावा चालला होता आणि त्यात दोन्हीकडची डोकी फुटली होती. दुसऱ्याच्या शेतात विचारल्याशिवाय पाय टाकायचा नाही हे त्याच्या अंगात मुरलेलं. त्याने मुलीकडून कागदावर इंग्रजीत लिहून घेतलं, की दत्ताराम आणि त्याची मुलगी यांना आजच्या तारखेला या शेतातून जाण्याची परवानगी आहे, खाली मालकाची सही. आणि हा कागद घेऊन तो शेतकऱ्याच्या दारात उभा राहिला.

गमबूट घातलेला एक म्हातारा बाहेर आला. त्याने कागद वाचला, दत्तारामकडे बघितलं, परत कागद वाचला, आणि दार लावून आत फोन करायला गेला. त्याला वाटलं, हे सरकारी मोजणीवाले आहेत, सहीत काहीतरी डाव आहे. परत आल्यावर अर्धा तास तो दारात उभा राहून उलट विचारत होता, कुठून आलात, कुणी पाठवलं, माझीच सही कशाला. दर्शनाचं तोंड लाल झालं होतं. दत्ताराम मात्र खुश. इंग्लंडात हाच एक शहाणा माणूस भेटला म्हणाला. शेवटी म्हाताऱ्याने सही केली, आणि मग हे खरोखर शेताबाहेर जातात की नाही हे बघायला पलीकडच्या फाटकापर्यंत त्यांच्यामागून चालत आला. कागद दत्तारामने जपून आणला होता. पंकजने तो आख्ख्या मेसला दाखवला.

रस्त्याच्या कडेला एका लाकडी पेटीत अंडी ठेवलेली असतात, शेजारी डबा, माणूस नाही. अंडी घ्यायची, डब्यात नाणी टाकायची. दत्ताराम समोरच्या गडग्यावर एक तास बसला, कोण फसवतो ते बघायला. पोस्टवाली आली, तिने पैसे टाकले. कुत्रा घेऊन एक बाई आली, तिनेही टाकले. मग त्याने कॅमेरा शोधला, पेटीच्या खालूनसुद्धा. नव्हता. शेवटी स्वतः सहा अंडी घेतली आणि घरी येऊन पाण्यात सोडून बघितली. सहाही तळाशी बसली, म्हणजे ताजी. हे सांगताना त्याचा आवाज थोडा पडला होता.

वाफेच्या गाडीच्या ड्रायव्हरला त्याने बॉयलर शेवटचा कधी तपासला ते विचारलं. ड्रायव्हर इतका खुश झाला की त्याने याला वर घेतलं आणि प्रमाणपत्र दाखवलं. चर्चमध्ये कुणाचं लग्न नव्हतं. चहावाल्या शेतकऱ्याला मुलगा होता, पण तो सहा वर्षांचा. मेंढ्यांच्या स्पर्धेत परीक्षक एकेका मेंढीचं तोंड उघडून दात बघत होते आणि लोकरीत हात घालून पाठीचं हाड चाचपत होते. मालक काय म्हणतो तिकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. ती सुट्टीतली त्याची सगळ्यात आवडती दुपार.

पंकजने विचारलं, काका, गुरुवार? दत्ताराम म्हणाला, गुरुवारी पाऊस होता. आणि उठून चूळ भरायला गेला.

मी विचारलं नाही. चौदा वर्षांत त्याच्याकडून एवढं शिकलोय, की थांबायला लागतं. दोन आठवड्यांनी एका शुक्रवारी, नमाज झाल्यावर, आम्ही दोघं जवळच्या रहिमा गावाच्या किनाऱ्यावर जाऊन बसलो. ऊन मरणाचं होतं, शेडखाली बसलो होतो, आणि त्याने आपणहून सुरुवात केली.

गुरुवारी खरंच पाऊस होता. ती दोघं माळावरच्या एका गोठ्याच्या छपराखाली उभी होती. दर्शना म्हणाली, मला आठ दिवसांतला एक दिवस यासाठी हवा होता, कागदावर काय लिहावं ते कळलं नाही म्हणून कोरा ठेवला. आणि तिने विचारलं, बाबा, तुम्हाला माहीत होतं का? आईचं?

तीन वर्षं ती हेच धरून बसली होती. बाबांना कळलं नसेल, तर त्यांना शेवटची भेट मिळू न देणारी ती स्वतः. आणि कळलं असेल, तर ते आले का नाहीत. दोन्हींतलं कुठलं खरं हे तिला हवं होतं. म्हणजे आम्ही इकडे दत्तारामच्या संशयाची टिंगल करत होतो, आणि तिकडे तीन वर्षं संशय त्याच्यावर घेतला जात होता.

"तू काय सांगितलंस?" मी विचारलं.

आधी त्याने मला फोनचं सांगितलं. आजारपणात दर्शनाच फोन धरायची. नेटवर्क कमी आहे म्हणून व्हिडिओ लागत नाही असं सांगायची. वहिनी बोलायच्या, मी बरी आहे, तुम्ही काम संपवून या. आणि मध्येच आवाज जायचा, दोन मिनिटांनी परत यायचा. नेटवर्क जातं तेव्हा आवाज तुटत तुटत जातो आणि तुटत तुटत येतो. हा स्वच्छ जायचा आणि स्वच्छ यायचा.

"फोनवर हात ठेवला की त्याचा पण आवाज असतो खुर्शीद," तो म्हणाला. "मला चौथ्या दिवशी कळलं. हिला खोकला येतोय आणि पोर हात ठेवतेय."

मला एकदम एक गोष्ट आठवली. ऑफिसचे कोरे फॉर्म माझ्या स्टोअरात असतात. त्या शटडाउनमध्ये दत्तारामने माझ्याकडून इमर्जन्सी रजेचा एक फॉर्म नेला होता आणि दोन दिवसांनी तसाच कोरा आणून दिला होता, नको म्हणाला. मी तो खणात टाकला आणि विसरून गेलो. मी तेव्हा एक शब्दही विचारला नव्हता. हे त्याला मी सांगितलं, तर त्याने नुसती मान हलवली. त्यालाही तो फॉर्म आठवत होता.

"रजा मागितली असती तर मिळाली असती," तो म्हणाला. "पण फॉर्मवर कारण लिहायला लागतं. ते लिहिलं की खरं झालं असतं. ती बरी आहे म्हणत होती, मीही ती बरी आहे असंच धरलं. नाक मेलं नव्हतं माझं. वास येत होता. तरी मी हिरव्या कार्डावर सही केली."

चौदा वर्षांत मी या माणसाला रडताना पाहिलं नव्हतं, वहिनी गेल्या तेव्हाही नाही. आता तो रडत होता. मला त्याचा राग आला होता हेही खरं, आणि त्याला जवळ घ्यावंसं वाटत होतं हेही खरं. नंतरचा सगळा संशय, माशांवर, भावावर, बँकेच्या माणसावर, मला एकाच वेळी समजला. आणि मुलीकडे व्हिडिओ का मागत नसे तेही. तिचा चेहरा बघायची त्याला हिंमत नव्हती.

हे सगळं त्याने त्या छपराखाली मुलीला सांगितलं होतं. "मला माहीत नव्हतं" एवढे तीन शब्द बोलून तो सुटला असता. ते त्याच्या मनात आलंही होतं, तो म्हणाला. पण मग उरलेला सगळा दोष पोरीच्या गळ्यात पडला असता, जन्मभर. म्हणून खरं बोलला. पाऊस थांबला. मग ती म्हणाली, खोकल्याची उबळ यायला लागली की आई स्वतःच माझा हात ओढून फोनवर ठेवायची. मी नको म्हणायचे. माफ केलं असं ती म्हणाली नाही, यानेही विचारलं नाही. दोघं घरी आली, तिने चहा केला, आणि दुसऱ्या दिवशी कागदात होतं तसं चीज बघायला गेली.

मी त्याला दर्शनाचा मला आलेला तो मेसेज दाखवला. त्याने तो वाचला आणि म्हणाला, मला तेव्हाच वाटलं होतं.

त्याच्या पुढच्या शुक्रवारची गोष्ट. दुपारी जेवून आम्ही खोलीत चहा घेत होतो. पंकज खालच्या खाटेवर पेंगत होता. दर्शनाचा फोन आला आणि दत्तारामने तो स्पीकरवर ठेवला, कारण हातात कप होता. जेवलात का, जेवलो. तिकडे थंडी आहे का, नाही, उन्हाळा आहे. तुझा आवाज बसलाय का, नाही बाबा, बरी आहे मी, असंच जरा. आणि आवाज गेला. तुटला नाही, स्वच्छ गेला.

दत्तारामने कप खाली ठेवला.

"हात काढ," तो म्हणाला. "खोक."

मग लीड्सहून खोकला ऐकू आला, कोरडा, पाच-सहा वेळा, मध्ये श्वास घेऊन पुन्हा. पंकज उठून बसला होता. दत्तारामने फोन उचलून कानाशी धरला आणि तो पूर्ण थांबेपर्यंत ऐकला. मग ताप किती आहे ते विचारलं. ती म्हणाली, ताप नाहीये. तो म्हणाला, थर्मामीटरचा फोटो पाठव.

तिने पाठवला. त्यात आजची तारीख दिसत नाही म्हणून त्याने दुसरा मागवला.